इंचभर उंचीची अक्षरं

ज्या पिस्तुलाने डेल्मर व्हॉसने आल्विनला मारलं, तेच पिस्तूल कमरेला लावून तो शनिवारी सकाळी आल्विनच्या आईच्या बेकरीत आला आणि त्याने दोन खसखशीचे कोलाचे मागितले.

नेल्डा कुबालाने मान वर केली तेव्हा तिला आधी पिस्तूल दिसलं, मग माणूस. हस्तिदंती मूठ, तपकिरी चामड्याचं म्यान. ज्यूरीने खटला उभा राहत नाही असं सांगितल्यावर शेरीफच्या ऑफिसने ते त्याला रीतसर परत केलं होतं, आणि या शहाण्याने पुसून-बिसून ते पुन्हा कमरेला लटकवलं होतं. लाज म्हणून एखादं दुसरं तरी लावावं! घरात डझनभर होती त्याच्या.

दुकानात शनिवारची गर्दी होती. सीडर फोर्डमधल्या अर्ध्या घरांचा शनिवारचा नाश्ता नेल्डाकडेच व्हायचा. तिच्या पणजोबांनी युरोपातल्या मोराव्हियातून येताना सोबत आणलेल्या रीतीचे कोलाचे, म्हणजे मऊ गोड पाव, मध्ये खळगा करून खसखस नाहीतर जर्दाळू भरलेले, आणि सॉसेज घातलेले पाव. सगळ्यांनी आपापल्या ताटात डोकं घातलं. एकाचीही मान वर झाली नाही.

"राग नाही ना, नेल्डा?" डेल्मर म्हणाला. "देवाची इच्छा. शेवटी आपण शेजारी आहोत."

तिने दोन कोलाचे पिशवीत घातले, पैसे घेतले, सुट्टे परत दिले. तो गेल्यावर मागे भट्टीपाशी जाऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. आपण त्याच्या हातावर सुट्टे ठेवले याचीच तिला जास्त शरम वाटली. व्लास्टा मावशी, तिच्या आईची बहीण, ऐंशी उलटून गेलेली, तिथेच पीठ मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "थुंकली का नाहीस त्यात?"

"सुचलं नाही, मावशी."

"मला सांगायचंस. मला सुचलं असतं."

आल्विन गेला त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. जानेवारीतली संध्याकाळ, अंधार पडलेला. त्याची शिकारी कुत्री, डचेस, सशामागे धावत व्हॉसच्या कुंपणाखालून आत शिरली. आल्विन फाटकावरून चढून तिला आणायला गेला. डेल्मरने ओसरीवरून गोळी झाडली. त्याचा जबाब गावच्या साप्ताहिकात शब्दशः छापून आला होता आणि नेल्डाला तो पाठ होता. अंधारात कोणी अनोळखी इसम माझ्या दिशेने चालून येत होता. कोण आहे, असं मी मोठ्याने विचारलं. त्याने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. त्याचा हात खिशात गेला. मला माझ्या जिवाची भीती वाटली.

खिशात कुत्रीचा पट्टा निघाला. पण टेक्सासमध्ये आपल्या अंगणात, रात्रीच्या वेळी, जिवाची भीती वाटली एवढं पुरतं. बंद दाराआड ज्यूरीची बारा माणसं बसली, खटला चालवायला त्यातल्या नऊ जणांचं एकमत व्हायला हवं होतं, ते झालं नाही. डेल्मरच्या खाणीतली खडी त्या बाराजणांपैकी कितीजणांच्या रस्त्यावर फुकट पडली होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

नेल्डाला त्या जबाबातलं एकच वाक्य गिळता येत नव्हतं. त्याने एका शब्दाने उत्तर दिलं नाही. आल्विन? पेट्रोल भरताना पंपाशीसुद्धा गप्पा मारणारा पोरगा तो. चर्चमध्ये त्याला गप्प बसवायला दोन माणसं लागायची. तो अंधारात मुका होऊन चालत गेला? पण सांगणार कोण? एक मेला होता आणि दुसरा डेल्मर होता.

त्या शनिवारी तिने ठरवलं. मुलगा परत येणार नव्हता. तिला आता एवढंच हवं होतं, की डेल्मरच्या अंगावरचं पिस्तूल उतरलं पाहिजे. कायद्याच्या हाताने उतरलं पाहिजे आणि सगळ्या गावादेखत. ज्या कायद्याने तिच्या तोंडाला पानं पुसली, त्याच कायद्याकडून तिला हे काम करून घ्यायचं होतं.

सोमवारी तिने पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं, 'बंदूक घेऊन आत येऊ नये', आणि दारावर चिकटवलं. शनिवारी डेल्मर आला, वाचलं, बोटाने पुठ्ठ्यावर टकटक केली आणि हसत आत आला.

"हे काय गं? पोरांचा चित्रकलेचा वर्ग आहे का?"

"वाचता येतं ना तुला?"

"मला येतं. कायद्याला येत नाही." तो टेबलांकडे वळला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "पिस्तुलाच्या परवान्याच्या वर्गात शिकवतात आम्हाला, नेल्डा. सरकारने ठरवून दिलेलेच शब्द लागतात. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, दोन्ही. अक्षर इंचभर तरी उंच पाहिजे. कमरेवर उघडं दिसतं त्याला एक पाटी, कपड्याखाली लपवलेल्याला वेगळी पाटी. आणि दारं दोन असली तर दोन्ही दारांवर. नाहीतर ही पाटी म्हणजे रद्दी. तू आपली पाव भाज."

दोघं-तिघं हसले. हसणाऱ्यांत एडविन यानाकही होता, धान्य आणि पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, त्या बारा ज्यूरींतला एक.

"बरं झालं सांगितलंस," नेल्डा म्हणाली.

आणि खरंच बरं झालं. चोर तो चोर वर शिरजोर, पण शिरजोराला बोलायची खाज असते, आणि तिथेच तो चुकतो. तालुक्याच्या गावी जाऊन तिने चार पाट्या रंगवून आणल्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं, दोन्ही भाषांत, दोन पुढच्या दाराला, दोन मागच्या. लावायच्या आधी तिने पट्टी घेऊन अक्षर नि अक्षर मोजलं. स्पॅनिश भाग बरोबर आहे का ते बघायला तिने चुई अर्रेदोंदोला बोलावलं. चुई शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी, आल्विनचा शाळेतला जोडीदार. दोघांनी एकत्र पहिलं हरीण मारलं होतं. त्याने दारात उभं राहून मोठ्याने सगळं वाचलं.

"बरोबर आहे, मिस नेल्डा. पण एक लक्षात घ्या. पाटी असताना कोणी पिस्तूल घेऊन आला तर नुसता दंड होतो, गाडी वेगात चालवल्यासारखा. तुम्ही तोंडाने निघ म्हणालात, आणि तरी तो हलला नाही, तर मी त्याला आत टाकू शकतो. तसा गुन्हा नोंदला की परवाना लगेच स्थगित, आणि शिक्षा झाली की गेलाच."

"म्हणजे त्याने हलायला नको."

चुईने टोपी काढून पुन्हा घातली. "मी हे ऐकलं नाही."

"शनिवारी नाश्त्याला येत जा. तुझ्याकडून पैसे नाही घेणार."

"पैसे मी देणार," चुई म्हणाला, "पण येईन."

पाट्या लागल्या आणि गाव फुगलं. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, ज्याच्या-त्याच्या कमरेला काहीतरी. काहीजण कुरकुरत पिस्तूल गाडीत ठेवून यायचे. बरेच यायचेच बंद झाले. पेट्रोल पंपावरचे शिळे डोनट खाऊन तत्त्व पाळायला लागले. पाद्रीबाबांची बायको येऊन गोड आवाजात म्हणाली, "नेल्डा, मनातलं विष मनालाच जाळतं गं." नेल्डाने तिला जर्दाळूचा कोलाचे बांधून दिला आणि म्हणाली, "जळू दे. भट्टी पेटवायला लाकूड लागतं."

सगळ्यात वाईट म्हणजे डेल्मर यायचा बंद झाला. पाट्या होत्या, चुई होता, पण ज्याच्यासाठी मांडव घातला तोच नाही. तो खडीच्या खाणीवर जायचा, चर्चला जायचा, एडविनच्या दुकानात तास-तास बसायचा, सगळीकडे ती हस्तिदंती मूठ मिरवत. बेकरीसमोरून जाताना हॉर्न वाजवायचा.

नेल्डाने दोन शनिवार वाट पाहिली. तिसऱ्या शनिवारी एडविन यानाक बायकोसाठी कोलाचे न्यायला आला, तेव्हा पिशवी बांधता बांधता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "डेल्मर दिसत नाही हल्ली."

"त्याला... तुझ्या पाट्या..."

"हो ना. पिस्तुलाशिवाय बाहेर पडायला घाबरत असेल बिचारा. घाबरट आहे म्हणून तर सुटला. छापूनच आलं होतं, जिवाची भीती वाटली म्हणून. साठीचा पुरुष. मी बाई माणूस, पहाटे अंधारात एकटी दुकान उघडते. मला नाही बाई वाटत." मग तिने पिशवी त्याच्या हातात दिली. "जर्दाळूचे चार, खसखशीचे दोन."

एडविनच्या पोटात काही राहत नाही हे तिला माहीत होतं. दुपारपर्यंत त्याच्या दुकानात, संध्याकाळपर्यंत बिअरच्या हॉलमध्ये, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तेच. गावाने पाट्यांबद्दल नेल्डावर राग धरला होता, पण चेष्टा करायला मिळाली तर गाव राग विसरतं. खाणीवर कोणीतरी डेल्मरच्या ट्रकच्या काचेवर धुळीत बोटाने 'बू' असं लिहिलं, लहान पोरांना दचकवायला म्हणतात तसं. तो कामगारांवर ओरडला, मग जास्तच हसले म्हणतात.

पुढच्या शनिवारी तो आला.

शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. बऱ्याच दिवसांनी दुकान भरलेलं. शिकाऱ्यांच्या भगव्या टोप्या, चिखलाचे बूट, कोण कुठे दबा धरून बसला याच्या थापा. दार उघडलं आणि डेल्मर दारात जरा जास्तच वेळ उभा राहिला, सगळ्यांनी बघावं म्हणून. कमर मोकळी होती. नुसता पट्टा. पिस्तूल नसलेला डेल्मर नेल्डाने कधी बघितला नव्हता. तो वयस्कर दिसत होता.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला. "मी ऐकलं, माझी आठवण काढत होतीस."

तो भिंतीला पाठ लावून बसला. कोपऱ्यात चुई बसला होता, पुढ्यात अर्धं खाल्लेलं सॉसेज. शेजारच्या टेबलावर एडविन. नेल्डाने कॉफी नेऊन ठेवली. डेल्मरचे डोळे दाराकडे, मग खिडकीकडे, मग तिच्या हातांकडे. मागच्या दाराची फळी वाऱ्याने आपटली, तेव्हा त्याच्या कपातली कॉफी जमिनीवर सांडली.

नेल्डा बघत होती. हा खरंच मोकळा आला होता. आता तो कॉफी पिणार, ऐटीत उठून जाणार, आणि उद्या गावात सांगणार, बघा, गेलो की नाही? डाव उलटला होता, तिनेच उलटवला होता.

मग व्लास्टा मावशी पोछा घेऊन आली. कॉफी सांडलेली दिसली की तिला राहवत नसे. तिने बादली ठेवली आणि टेबलाखाली दांडा घातला. ठण्ण आवाज झाला. डेल्मरने पाय मागे घेतला. मावशीने पुन्हा दांडा घातला, मुद्दाम, आणि पुन्हा ठण्ण.

"नेल्डा," मावशी गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, तिला वाटायचं आपण हळू बोलतो. "याच्या बुटात लोखंड आहे."



चाळीस वर्षं अंगावर बाळगलेली वस्तू अशी एका सकाळी सुटत नाही. हे नेल्डाला आधीच कळायला हवं होतं. मोकळी कमर गावासाठी होती. बूट त्याचा स्वतःसाठी. लपवलेल्या पिस्तुलाला वेगळी पाटी लागते असं त्यानेच शिकवलं होतं, आणि ती पाटी दाराच्या डाव्या बाजूला होती, इंचभर अक्षरांची, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

नेल्डाने हात ॲप्रनला पुसले आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

"डेल्मर, तुझ्या बुटात पिस्तूल आहे. माझ्या दुकानातून निघ."

तो हसायला गेला. "म्हातारीचं काय ऐकतेस..."

"निघ म्हणाले मी."

आता त्याने फक्त उठून जायचं होतं. तेवढंच करायचं होतं. दंड भरला असता आणि दुपारी विसरला असता. पण समोर भगव्या टोप्यांची वीस माणसं होती, खाणीवरचे दोघं होते, आणि धुळीत लिहिलेलं ते 'बू' होतं. उठला तर नाक कापलं. नेल्डा मनात म्हणत होती, बस. बसून राहा. आयुष्यात कधी केली नसेल एवढी प्रार्थना तिने त्या एका क्षणात केली, आणि देवाला ती कोणत्या तोंडाने केली कोण जाणे.

"मी माझी कॉफी संपवणार," डेल्मर म्हणाला. "कोण काढतंय मला बाहेर?"

"तिसऱ्यांदा सांगते. निघ."

"नाही निघत."

चुई उठला. त्याने नॅपकिनने तोंड पुसलं, घडी केली, टेबलावर ठेवली. "मिस्टर व्हॉस, दोन्ही हात टेबलावर. मी तुमच्या उजव्या बुटातून पिस्तूल काढतोय."

"तू? कालचं पोरगं तू..."

"हात टेबलावर, सर."

चुई खाली वाकला. बुटातून छोटंसं, काळं पिस्तूल निघालं, मुलांच्या खेळण्याएवढं. ते हातात घेऊन चुई मागे सरकला, आणि डेल्मरचे हात टेबलावर थरथरायला लागले. खोटं नव्हतं ते. ओठ पांढरे पडले होते.

"ते नको," तो म्हणाला. "चुई, दंड घे, काय हवं ते घे. ते नको नेऊस. मला नाही बसवत त्याच्याशिवाय. तुम्हाला नाही कळायचं. छातीत धडधडायला लागतं. कोणी जवळ येत असलं की..."

तो खरंच घाबरत होता. नेल्डाला इतके महिने वाटत होतं, भीती वाटली हे त्याने वकिलाकडून शिकून सांगितलं. तसं नव्हतं. समोर बसलेला माणूस म्हाताऱ्या बाईच्या पोछ्यालाही घाबरला होता. हे कळून तिचा राग तिळभर कमी झाला नाही. उलट अंगाची आग झाली. असल्या उंदरापायी माझा मुलगा गेला.

"कोणी जवळ येत असलं की काय, डेल्मर?" तिने विचारलं.

"तुला वाटतं मला हौस होती?" त्याने तिच्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. "मी सांगितलं त्याला, तिथेच थांब म्हणून. किती वेळा सांगितलं. पण तो चालतच राहिला. हसत होता. 'मिस्टर व्हॉस, मी आहे, नेल्डाचा आल्विन, माझी डचेस तुमच्याकडे शिरलीय.' हसत हसत येतच होता. का थांबला नाही तो? थांबला असता तर..."

तो बोलता बोलता थांबला. त्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला.

त्या साप्ताहिकाचा तो अंक सगळ्यांनी वाचला होता. अनोळखी इसम. एका शब्दाने उत्तर दिलं नाही. एडविन यानाकने कप खाली ठेवला. तो उठून उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा बसला.

"तिथे काय ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घेतलीय मी," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "पण आज इथे जे ऐकलं त्याची शपथ नाही घेतलेली. मला कोणीही विचारा. मी सांगेन."

"मीही," मागून कोणीतरी म्हणालं. खाणीवरचा होता.

"मी तसं नाही म्हणालो," डेल्मर म्हणाला. "चुई, मी गोंधळलोय. छाती..."

"मिस्टर व्हॉस, तुम्ही आता बोलू नका हे उत्तम," चुई म्हणाला. "मी तुम्हाला तुमचे हक्क वाचून दाखवतो. मग गाडीकडे जाऊ." मग नेल्डाकडे वळून तो हळूच म्हणाला, "ज्यूरीने तेव्हा नाही म्हटलं म्हणजे सुटला असं नसतं, मिस नेल्डा. प्रकरण पुन्हा ज्यूरीपुढे नेता येतं. कधीही नेता येतं."

नेल्डाने ते ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. तिच्या कानात आल्विन होता. नेल्डाचा आल्विन, असं म्हणाला होता तो. अंधारात, बंदुकीसमोर, आईचं नाव सांगितलं होतं, कारण सीडर फोर्डमध्ये ते नाव सांगितलं की कोणीही दार उघडतं. त्याला वाटलं, पुरेल.

डेल्मर उठायला लागला. आता त्याला जायचं होतं, गाडीत, कोठडीत, कुठेही, या नजरांमधून बाहेर. नेल्डाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं. पिठाच्या गोण्या उचलणारा हात होता तो.

"मिस नेल्डा..." चुई म्हणाला.

"तू वाच त्याचे हक्क. सावकाश वाच." तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. इतक्या वर्षांत गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर ती कधी बसली नव्हती. "मग त्याला वकील हवा असेल तर वकील येऊ दे, नको असेल तर नको. मला घाई नाही. मी रोज कोर्टात येईन, पहिल्या बाकावर बसेन."

मग ती पुढे वाकली, इतकी, की डेल्मरला मागे सरकायला भिंतीशिवाय काही उरलं नाही.

"बघ, मी जवळ आलेय," ती म्हणाली. "आणि तुझ्याकडे काहीच नाही."